पन्नाशीनंतरचा दुखावलेला खांदा: पहिल्या आठवड्यापासून पुन्हा स्मॅश मारेपर्यंत

खांदा दुखावला की पन्नाशी-साठीतले खेळाडू साधारण एकाच वाटेने जातात. महिनाभर हात जपतात, मलम चोळतात, वरचा डबा काढायला दुसऱ्याला हाक मारतात. दुखणं उतरलं की रॅकेट उचलतात. दोन-चार गेम बरे जातात आणि मग खांदा पहिल्यापेक्षा जास्त दुखतो. शेवटी ‘आता वय झालं’ असं म्हणून खेळ सुटतो. बहुतेक वेळा दोष वयाचा नसतो. दुखणं आधी जातं आणि ताकद बरीच नंतर येते, हे कुणी सांगितलेलं नसतं. दुखणं साधारण चार-सहा आठवड्यांत ओसरू लागतं, पण खेळाचा भार पेलण्याइतका खांदा तयार व्हायला चार ते सहा महिने लागतात. त्या मधल्या महिन्यांत काय करायचं ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

उदाहरणं बॅडमिंटनची घेतली आहेत, कारण डोक्यावरून मारायच्या फटक्यांनी खांद्याची सगळ्यात कडक परीक्षा होते. पोहणारे, टेनिस बॉल क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून फेक करणारे, रोज सूर्यनमस्कार आणि जोर काढणारे यांच्यासाठीही शेवटची पायरी सोडली तर बाकी सगळं तेच आहे.

व्यायामाआधी डॉक्टर कधी

काही लक्षणं दिसली तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. डावा किंवा उजवा खांदा दुखतोय, सोबत छातीत जडपणा, घाम, धाप, जबड्यात कळ, आणि चालल्यावर दुखणं वाढतंय, तर ते हृदयाचं असू शकतं. त्यात तासभरही थांबू नये. खांदा गरम, लाल, सुजलेला आणि अंगात ताप, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. विनाकारण वजन घटतंय आणि रात्रंदिवस एकसारखं दुखतंय, तर तपासण्या लागतात.

पडल्यानंतर दुखू लागलेला खांदा वेगळा धरायचा. पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ झालेली असतात. हातावर साधं पडल्यानेही दंडाचं हाड खांद्याजवळ मोडतं, म्हणून एक्स-रे काढायलाच हवा. चाळिशीनंतर खांदा पहिल्यांदा निखळला असेल तर तो बसवल्यावरही काम संपत नाही. या वयात निखळताना कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटण्याचं प्रमाण मोठं असतं. दोन आठवड्यांनीही हात वर उचलता येत नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. काल-परवापर्यंत चांगला असलेला खांदा झटक्याने दुखावला आणि आता हात उचलताच येत नाही, अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांना काही दिवसांतच भेटा. ताजी फाटलेली कंडरा काही महिन्यांत मागे सरकते आणि तिच्या स्नायूत चरबी भरू लागते. मग शिवणं अवघड होतं.

आणि एक विनंती. हाडं बसवणाऱ्याकडे जाऊन खांद्याला झटका देऊन घेऊ नका. पन्नाशीनंतरच्या कंडरेला अचानक दिलेला ताण हाच सगळ्यात मोठा धोका आहे.

आत काय चालतं

खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. दंडाच्या हाडाचं डोकं मोठं, आणि ते ज्यात बसतं ती खोबण उथळ. त्यामुळे हात सगळीकडे फिरतो, पण सांधा जागेवर ठेवायचं काम हाडांना जमत नाही. ते चार छोटे स्नायू करतात. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. चौघांच्या कंडरा मिळून दंडाच्या डोक्याभोवती जी टोपी होते, तिला रोटेटर कफ म्हणतात. स्मॅश मारताना छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हात पुढे फेकतात. फूल (शटल) सुटल्यावर तोच हात थांबवायचं काम मागच्या छोट्या स्नायूंवर येतं. जास्तीत जास्त इजा या ब्रेक लावण्यात होते, हात फेकण्यात कमी.

दुसरा भागीदार म्हणजे खांद्याचं पातं, पाठीवरचं ते त्रिकोणी चपटं हाड. हात पूर्ण १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश मुख्य सांध्यातून येतात आणि ६० अंश पातं फिरल्यामुळे मिळतात. दिवसभर खुर्चीत वाकून बसणाऱ्याची पाठ वरच्या भागात आखडते, पातं पुरेसं फिरत नाही आणि ती कसर कफच्या कंडरा भरून काढतात. म्हणून फक्त खांद्याला व्यायाम देऊन भागत नाही.

आता रिपोर्टबद्दल, कारण माणसं रिपोर्ट वाचून घाबरतात. ‘पार्शियल टेअर’ (अर्धवट फाट) हे शब्द वाचले की अनेक जण कायमचे खेळणं सोडतात. १९९५ मध्ये अमेरिकेत खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ लोकांचे एमआरआय काढले. साठीपुढच्यांपैकी ५४ टक्क्यांच्या कफमध्ये कमी-अधिक फाट होती आणि त्यांना दुखत नव्हतं. थोडक्यात, साठीच्या खांद्यात फाट सापडणं हे केस पिकण्याइतकं सामान्य आहे, आणि तुमचं दुखणं त्याच फाटीमुळे आहे असं निव्वळ चित्रावरून ठरत नाही.

फिनलंडमध्ये ५५ वर्षांपुढच्या, मार न लागता कंडरा फाटलेल्या रुग्णांची तीन गटांत तुलना झाली. एका गटाला फक्त फिजिओथेरपी, दुसऱ्याला त्यासोबत हाड घासण्याची (कंडरेवरच्या हाडाची खालची बाजू घासून जागा करण्याची) शस्त्रक्रिया, तिसऱ्याला कंडरा शिवणं. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षात वर्षभरानंतर तिन्ही गटांत जाणवण्याजोगा फरक नव्हता. मार न लागता पूर्ण फाटलेल्या कफवर अमेरिकेत १२ आठवड्यांचा व्यायामक्रम दिला गेला. दोन वर्षांत त्यातल्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी रुग्णांनी शस्त्रक्रिया निवडली. माझं मत यावरूनच बनलं आहे. अचानक मार लागलेला नसेल तर आधी तीन महिने नेटाने व्यायाम, मग पुढचा विचार.

आपला खांदा कुठल्या प्रकारचा

तीन गोष्टी घरी पाहता येतात. कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या, आधी चांगल्या हाताने, मग दुखऱ्या हाताने. दुखरा हात मागे राहिला तर दुसऱ्या हातात काठी धरून त्याला हळूच ढकला. काठीनेही तो पुढे जात नसेल, जणू आतून कुलूप लागलंय, तर तो फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता मोठी आहे. हा आजार चाळीस ते साठ या वयात जास्त दिसतो आणि मधुमेह असलेल्यांत कितीतरी अधिक. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, तेव्हा रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. फ्रोझन शोल्डर पूर्ण सुटायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. त्यात पहिल्या दुखऱ्या टप्प्यात जोराने ताणणं उलटतं. त्याची वाट वेगळी, ती फिजिओकडूनच ठरवा.

दुसरी गोष्ट, हात बाजूने वर न्या. खाली दुखत नाही, ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात दुखतं आणि पूर्ण वर गेल्यावर पुन्हा कमी होतं, तर कफच्या कंडरेकडे बोट जातं. हा लेख मुख्यतः अशा खांद्यासाठी आहे. तिसरी गोष्ट म्हणजे मान. मान वळवल्यावर कळ वाढते, ती कोपराच्या खाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, तर मूळ मानेत असू शकतं आणि खांद्याचे व्यायाम करून ते सुटणार नाही.

पहिली पायरी: आग शांत करणं (साधारण दोन-तीन आठवडे)

पूर्ण आराम नको. हात गळ्यात अडकवून ठेवला तर या वयात सांधा पटकन आखडतो. डोक्यावरून मारायचे फटके, जोर, लोकलमध्ये कडीला लटकून उभं राहणं आणि पाठीमागे ताणून हूक लावणं एवढं थांबवा. बाकीची रोजची कामं चालू ठेवा. स्वयंपाक करताना जड भांडी कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. ब्लाउज, शर्ट घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा.

रात्र सगळ्यात त्रासाची असते. दुखऱ्या कुशीवर झोपू नका. उताणं झोपत असाल तर दंडाखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे कोपर गादीत मागे पडत नाही. चांगल्या कुशीवर झोपत असाल तर पोटाशी जाड उशी घेऊन तिच्यावर दुखरा हात टाका. एवढ्यानेच अनेकांची झोप परत येते.

शेक द्यायचा की बर्फ, यावर भांडायची गरज नाही. ज्याने बरं वाटतं ते दहा-पंधरा मिनिटं करा. वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे घेऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंड आणि पोट यांचा या वयात विचार करावा लागतो. अजून एक गोष्ट खेळाडूंना सहसा ठाऊक नसते. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकमुळे कंडरेला इजा होण्याचा धोका असतो आणि साठीनंतर तो वाढतो. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी ही औषधं लिहून दिली गेली तर ‘माझी कंडरा दुखावलेली आहे’ हे डॉक्टरांना सांगा.

या पायरीत व्यायाम दोनच. पहिला झोक्याचा. टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या आणि अंगाच्या हलण्याने त्याला छोटे गोल झोके द्या, एक-दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा ओळखला जातो. दुसरा भिंतीचा. कोपर काटकोनात, अंगाशी. पंजाची बाहेरची बाजू भिंतीला लावून भिंतीला बाहेर ढकला, भिंत अर्थातच हलणार नाही. आपल्या ताकदीच्या साधारण निम्म्याने, तीस सेकंद, पाच वेळा. मग चौकटीच्या कडेला तळहात लावून आतल्या दिशेने तसंच. श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो. अशा स्थिर जोराने कंडरेवर भार येतो, पण ती घासली जात नाही. पुष्कळांचं दुखणंही त्यानंतर थोडा वेळ कमी होतं.

पाय मात्र थांबवू नका. भरभर चालणं, सायकल, बैठका चालू ठेवल्या तर पुढे परत येताना त्याचा मोठा उपयोग होतो.

दुखण्याचा नियम

पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर हा एकच नियम पाळायचा. शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मनात मोजपट्टी धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. व्यायामानंतर ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं आणि त्या रात्रीची झोप मोडायला नको. तसं झालं तर भार बरोबर आहे. नाही झालं तर पुढच्या वेळी वजन किंवा आवर्तनं (एक हालचाल जितक्या वेळा करतो ती संख्या) एक-तृतीयांशाने कमी करा, पण व्यायाम बंद करू नका. बंद केला की पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

दुसरी पायरी: हालचाल परत मिळवणं

ही पायरी पहिलीतूनच सुरू होते. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरा आणि चांगल्या हाताच्या मदतीने दुखरा हात डोक्याच्या दिशेने न्या. त्याच काठीने पंजा बाहेरच्या दिशेनेही ढकला. प्रत्येकी दहा वेळा. मग उभं राहून पंचा भिंतीवर धरायचा आणि पुसत पुसत वर न्यायचा. वर जाताना खांदा कानाकडे चढला तर तिथेच थांबा, तेवढीच तुमची आजची उंची.

पाठीचा वरचा भाग मोकळा करायला जाड टॉवेलची गुंडाळी करून पात्यांच्या खालच्या टोकाजवळ आडवी ठेवा, तिच्यावर उताणं पडा, हात डोक्याखाली घ्या आणि सावकाश श्वास घेत पाठ मागे सैल सोडा. मान टॉवेलवर नको. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर गुंडाळी पातळ घ्या किंवा हा प्रकार खुर्चीच्या पाठीला टेकून करा. दोन मिनिटं पुरतात. हा सगळ्यात कमी केला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारा प्रकार आहे.

तिसरी पायरी: ताकद

इथे घाई नको. ही पायरी किमान १२ आठवड्यांची आहे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस विश्रांती. तरुण खेळाडूचे स्नायू आणि कंडरा लवकर सावरतात, साठीतल्यांना वेळ लागतो, म्हणून रोज-रोज ताकदीचा व्यायाम नको. वजन म्हणून सुरुवातीला पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो, एक लिटरची म्हणजे एक किलो. रबर बँड घेतले तर सर्वसाधारण क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा वाढत्या ताणाचा असतो.

सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम कुशीवर झोपून करायचा. चांगल्या कुशीवर झोपा, दुखरा हात वरच्या बाजूला, कोपर काटकोनात आणि अंग व कोपर यांच्यामध्ये छोटा गुंडाळलेला नॅपकिन. पोटाजवळचा पंजा छताकडे वर न्या, एक सेकंद थांबा आणि तीन सेकंद मोजत खाली आणा. मागचे दोन छोटे स्नायू यात सगळ्यात जास्त काम करतात. खाली आणण्याचे ते तीन सेकंद वगळू नका, कारण स्मॅशनंतर हात थांबवायची तयारी तिथेच होते. अर्ध्या किलोने सुरुवात, १५ आवर्तनांचे तीन सेट. शेवटची दोन आवर्तनं कष्टाची वाटायला हवीत. तीन वेळा सलग सोपी गेली तर पाव ते अर्धा किलो वाढवा. इथे तीन-साडेतीन किलोपर्यंत पोचलेला साठीचा खेळाडू मला फार भरवशाचा वाटतो.

मग पात्यांसाठी रोइंग. खिडकीच्या गजाला बँड बांधून दोन्ही कोपर मागे ओढा, पाती एकमेकांकडे आणि किंचित खाली आणा, छाती उघडी ठेवा. त्यानंतर भिंतीवरचा जोर, पण एका फरकाने. हात सरळ झाल्यावरही भिंतीला अजून दोन इंच ढकलायचं, म्हणजे पाती बरगड्यांवरून पुढे सरकतात. पात्याला वर फिरवणारा सेरेटस स्नायू यात जागा होतो. भिंत सोपी झाली की ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. सूर्यनमस्कार करणाऱ्यांनी अष्टांगासनाकडे परत जायची हीच शिडी धरावी.

हात वर उचलण्याचा व्यायाम चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून. अंगठा वर, हात अगदी बाजूने न नेता साधारण ३० अंश पुढे ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. अंगठा खाली ठेवून उचलायची जुनी पद्धत टाळा, तिच्यात खांद्याची जागा अरुंद होते. पात्याच्या खालच्या भागासाठी पलंगाच्या कडेवर पालथं पडून हात तिरका पुढे, अंगठा छताकडे, असा उचलायचा. यात रिकामा हातही सुरुवातीला जड वाटतो.

आठव्या आठवड्यानंतर आवर्तनं कमी करून वजन वाढवा, आठ आवर्तनांचे तीन सेट. इथे अनेक जण कचरतात आणि महिनोन् महिने त्याच पिवळ्या बँडवर थांबतात. त्यांचा खांदा दुखत नाही, पण मजबूतही होत नाही. कंडरा भार मिळाला तरच बदलते, आणि भार हळूहळू वाढत गेला तरच बदलत राहते. याच काळात डोक्यावर डंबेल ढकलण्याचा व्यायाम आणि कोपर खांद्याच्या उंचीला ठेवून पंजा मागे फिरवण्याचा व्यायाम जोडा, कारण खेळात हात त्या उंचीवरच असणार आहे.

ताकद मोजा

अंदाजावर विसंबू नका. प्रवासाच्या बॅगा मोजायचा छोटा डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो. खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर पट्टा बांधून काट्याचा हूक त्यात अडकवा. कोपर काटकोनात, बगलेत नॅपकिन, काटा हातात धरून बाहेरच्या दिशेने पाच सेकंद ओढा. तीनदा करून सरासरी लिहा, मग दुसऱ्या हाताची. तसंच आतल्या दिशेने. दुखरा हात चांगल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आला पाहिजे. बाहेरची ताकद आतल्या ताकदीच्या किमान दोन-तृतीयांश हवी. दुखरा हात खेळायचाच असेल तर तो मुळात दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त ताकदवान असतो, म्हणून दोन्ही सारखे आले की थांबायचं नाही. दुखणं तीनपेक्षा जास्त असताना ही मोजणी करू नका. चार आठवड्यांतून एकदा पुरे.

पाय, कंबर आणि ताट

चांगल्या फटक्यातली बरीचशी ताकद पायांतून आणि कंबरेतून येते. गुडघे कडक झालेला, कंबर न वळणारा खेळाडू ती सगळी ताकद खांद्याकडून वसूल करतो. म्हणून बैठका, पायऱ्या चढणं, एका पायावर उभं राहणं आणि बँड धरून कंबर वळवणं हे खांद्याच्या कार्यक्रमाचेच भाग आहेत.

वय वाढेल तसं स्नायू बांधायला प्रथिनं जास्त लागतात. व्यायाम करणाऱ्या साठीतल्या माणसाने वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ग्रॅम किंवा थोडी जास्त धरावीत. ६५ किलोच्या माणसाला साधारण ८० ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री आमटी-भात एवढ्यावर ती भरत नाहीत. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, एका अंड्यात ६, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे २६ ग्रॅम प्रथिनं असतात. उसळ, दही, मासे, अंडी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात ठेवा, एका वेळी सगळं नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

चौथी पायरी: वेग

तीन महिन्यांनंतर, ९० टक्के ताकद आल्यावर. संथ ताकद आली म्हणून झटक्याची ताकद आलीच असं होत नाही. भिंतीपासून दोन हात अंतरावर उभं राहून दोन्ही हातांनी एक किलोचा चेंडू छातीपासून भिंतीवर फेका आणि झेला. मग कंबर वळवून बाजूने. दोन आठवड्यांनी टेनिसचा चेंडू एका हाताने डोक्यावरून भिंतीवर, सुरुवातीला हलका. शेवटी रिकाम्या हाताने आणि मग रॅकेट घेऊन फुलाशिवाय फटके, निम्म्या वेगाने. एका वेळी २०-३०. आठवड्यातून दोनदा, ताकदीच्या व्यायामाच्या दिवशीच, त्याच्या आधी.

पाचवी पायरी: कोर्टावर परत

तीन अटी पुऱ्या झाल्या का बघा. रात्री दुखत नाही, हात पूर्ण वर जातो, आणि काट्यावर ताकद भरली आहे.

पहिले दोन आठवडे सर्व्हिस, नेटवरचे फटके, ड्राइव्ह आणि खालून उचलून मारायचे लिफ्ट, अर्धा तास, एक दिवस सोडून. खांद्याच्या वर काही नाही. तिसऱ्या आठवड्यात डोक्यावरचे ड्रॉप आणि निम्म्या जोराचे क्लिअर, सोबत्याला मोजायला सांगून ३०-४०. दर आठवड्याला त्यात साधारण दहा-पंधरा वाढवा. पाचव्या आठवड्यापासून डबल्सचा एखादा गेम, आणि जोडीदाराला स्पष्ट सांगून पुढची बाजू घ्या. स्मॅश सगळ्यात शेवटी, सातव्या-आठव्या आठवड्यात, सुरुवातीला तीन-चतुर्थांश जोराने दहा-बारा. एकाच आठवड्यात फटक्यांची संख्या आणि जोर दोन्ही वाढवू नका.

रॅकेट ८० ते ८५ ग्रॅमची, म्हणजे फोर-यू या वजनगटातली आणि डोक्याकडे जड नसलेली घ्या. तारांचा ताण नेहमीपेक्षा दोन-तीन पाउंड उतरवला तर फूल कमी जोरात लांब जातं. फूल अंगाच्या मागे गेलं असताना वाकडं होऊन मारू नका, ते सोडून द्या. खांदा सगळ्यात जास्त तिथे दुखावतो. आणि वॉर्म-अप १५ मिनिटांचा, त्यात कुशीवरच्या व्यायामासारखी बँडचे दोन सेट.

पोहणाऱ्यांनी आधी पाय मारणं, मग ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल शेवटी आणि हातातले पॅडल काही महिने घरीच. फेक करणाऱ्यांनी दहा मीटरपासून सुरुवात करून अंतर वाढवावं, जोर मागून.

दुखणं उलटलं तर

उलटणं हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत एकदा तरी होतं. दोन दिवस वर हात न्यायचे व्यायाम बंद, पहिल्या पायरीतला भिंतीला ढकलायचा व्यायाम सुरू, मग एक पायरी खाली उतरून आठवडाभर थांबायचं. आदल्या आठवड्यात काय काय केलं ते आठवून बघा. बहुतेक वेळा कारण तिथे सापडतं, सलग दोन दिवस खेळणं, एखादी स्पर्धा, घर हलवणं, छत रंगवणं.

सहा आठवडे नीट व्यायाम करूनही रात्रीचं दुखणं हलत नसेल तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विचार डॉक्टर करतील. त्याने काही आठवडे बरं वाटतं आणि त्या काळात व्यायाम करता येतो, तेवढाच त्याचा उपयोग. ते घेऊन लगेच सामना खेळू नका. वारंवार घेतल्यास कंडरा कमजोर होते, आणि मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, ती मोजत राहा. फक्त हाड घासायच्या शस्त्रक्रियेबद्दल सावध राहा. ब्रिटनमधल्या २०१८ च्या मोठ्या चाचणीत ती शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि हाड न घासता फक्त दुर्बीण आत घालून तपासलेले रुग्ण यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पूर्ण फाटलेली कंडरा व्यायामावर सांभाळत असाल तर वर्षातून एकदा सोनोग्राफी करा, काहींच्यात फाट वाढत जाते आणि मग शिवायचा निर्णय वेळेत घेता येतो.

पुढची वर्षं

खेळ पूर्ववत झाल्यावर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ठेवा: कुशीवरचा व्यायाम, रोइंग, पाती पुढे सरकवणारा जोर आणि डोक्यावर डंबेल, प्रत्येकी आठ ते दहा आवर्तनांचे दोन-तीन सेट. महिन्यातून एकदा काटा काढा. बाहेरची ताकद आधीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरलेली दिसली तर दुखण्याची वाट न पाहता दोन आठवडे स्मॅश बंद ठेवा आणि तिसऱ्या पायरीचा आठवड्यातून तीन दिवसांचा व्यायाम पुन्हा सुरू करा.